टोकियो ते होनोलुलू, दोन तास

भूगोल हा माझा विषय नव्हता. माझा विषय गणित. पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ते परत आलेच नाहीत. मग बदलापूरहून येणाऱ्या हेडमास्तरांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि सांगितलं, आकडे तुम्हाला येतात, नद्या तेवढ्या वाचून घ्या. ही गोष्ट पंचावन्न-छप्पन्नच्या सुमाराची. मी बावीस वर्षांची होते, नुकतीच पदवी घेतलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. नद्या मी वाचून घेतल्या. मुलांच्या एक धडा पुढे राहायचं, एवढा एकच नियम पाळून मी भूगोल शिकवत होते. वर्गात ते खपून गेलं. वर्गाबाहेर नाही खपलं.

आम्ही राहायला अंबरनाथला, बुवापाड्याच्या अलीकडे दोन खोल्यांत. वडील कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. तिथून शाळेपर्यंत मी चालत जायची, पाऊण तास. मधल्या सुट्टीत घरी जाऊन येणं शक्य नव्हतं, म्हणून डबा न्यायची आणि शाळेच्या पायरीवर बसून खायची. समोर रस्त्यापलीकडे बराकी होत्या, युद्धाच्या दिवसांत सैनिकांसाठी बांधलेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना त्या दिल्या गेल्या. आधी गोणपाटाचे पडदे लावून एका बराकीत दहा-दहा संसार मांडले होते, नंतर हळूहळू विटांच्या भिंती आल्या. कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई राहायची. सगळी बराक तिला अमां म्हणायची. अमां म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागले.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला पायरीवर डबा उघडताना पाहिलं आणि रस्त्यापलीकडून हाक मारली. "ए मास्तरीण, पायरीवर कुत्रा पण बसून खात नाही. इकडे ये." मी गेले. तिनं आधी पापड आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्यांच्यात आल्यागेल्याला आधी हेच देतात, मग पुढचं बोलणं. तेव्हापासून मी त्या शाळेत होते तोवर तिच्या खाटेवर बसून डबा खाल्ला. तिनं माझी भेंडीची भाजी एकदा चाखून नावं ठेवली आणि नंतर रोज मागून घेतली.

तिचं मराठी भाजीबाजारात शिकलेलं होतं, अर्धं हिंदी. त्यात आदरार्थी बहुवचन नव्हतंच. हेडमास्तरांनाही ती "तू" म्हणायची आणि ते तिच्यासमोर शाळकरी मुलासारखे उभे राहायचे. पापड लाटायचं तिचं काम दिवसभर चाललेलं असे. नवरा बाजारात एक टेबल मांडून बटणं, लेस आणि रिळं विकायचा. तो दुपारी जेवायला यायचा आणि फार तर चार शब्द बोलायचा. धाकटी मुलगी वीस वर्षांची, दारातल्या उजेडात मशीन लावून परकर शिवायची. माझं तिच्याशी चांगलं जमलं. थोरली मुलगी मी कधी पाहिली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न जपानमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाशी झालं होतं आणि ती बोटीनं योकोहामाला गेली होती. भिंतीवर तिचा फोटो होता, एका दुकानासमोर उभी, वर न समजणाऱ्या अक्षरांची पाटी.

आणि अमांला एक सख्खी बहीण होती, अजमेरला. अठ्ठेचाळीस साली दोघी कराचीहून निघाल्या. ही बोटीनं मुंबईला आली, ती आगगाडीनं राजस्थानात उतरली. तेव्हापासून भेट नाही. अमां याबद्दल रडत वगैरे नसे. गुडघा दुखतो हे जसं सांगावं तसं सांगायची, लाटणं न थांबवता.

त्या हिवाळ्यात धाकटीला स्थळ आलं. मुलाचे काका मुंबईहून कोट घालून आले आणि बरोबर दोन वस्तू घेऊन आले: एक फोटो आणि विमान कंपनीचं एक निळं पुस्तक. मुलगा होनोलुलूला होता. तिथं एका कापडाच्या दुकानाचं काउंटर तो सांभाळायचा, वय अठ्ठावीस. फोटोत त्यानं मोठमोठ्या फुलांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. अमांला तो शर्ट अजिबात पसंत पडला नाही. मर्दानं फुलं घालायची, मग बाईनं काय घालायचं, असं तिनं काकांना तोंडावर विचारलं. काका म्हणाले, तिथं सगळे तसंच घालतात, मोठे अधिकारीसुद्धा.

निळं पुस्तक म्हणजे विमानांचं टाइमटेबल होतं. मुलगी कुठे फेकली जाणार नाही, विमानं रोज जातात-येतात, हे दाखवायला त्यांनी ते आणलं होतं आणि जाताना ते तिथंच ठेवून गेले. घरी मी ही हकिगत सांगितली तेव्हा माझ्या आईचा होनोलुलू या नावावरच विश्वास बसेना. ती म्हणाली, बाळाला खेळवताना म्हणतात तसं गावाचं नाव कोण ठेवतं? धाकटीला मात्र नाव आवडलं होतं. मशीनच्या पायडलच्या ठेक्यावर ती ते पुन्हा पुन्हा म्हणायची, शिवण संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी अमांनं मला शाळेतला दुनियेचा कागद आणायला सांगितलं. मी नकाशांचं पुस्तक नेलं आणि जगाचं जोडपान खाटेवर उघडलं. मुंबई दाखवली. थोरली जिथं होती तो जपान उजवीकडे, पानाच्या टोकाशी. होनोलुलू शोधायला मला जरा वेळ लागला. ते डावीकडे सापडलं, पानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पाण्यात पडलेल्या शिंतोड्यासारखं.

"इथून होनोलुलू किती ते सांगू?" मी विचारलं.

"इथून नको," अमां म्हणाली. "इथून लांबच आहे, ते मला दिसतं. तू बहिणीपासून बहिणीपर्यंत सांग. किती घंटे?"

मला कळेना. आईनं मुलीला दूर देताना आपल्यापासूनचं अंतर विचारायला नको का? मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा लाटणं बाजूला ठेवून तिनं मला समजावलं. "मी किती दिवस राहणार? आई मरते. तो तिचा कामच आहे. बहीण राहते. मोठीच्या घरी काही झालं, बाळंतपण झालं, नवरा आजारी पडला, तर कोण जाणार? मी जाणार? छोटी सकाळी निघाली आणि रात्री पोचली, तर मी हां बोलते. नाही पोचली, तर मी नाही बोलते. तो मुलगा फुलं घालू दे नाही तर काटे."

नवरा जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण हलवली. म्हणजे ते ठरलेलंच होतं. धाकटीनं मशीन थांबवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला जायचं होतं. होनोलुलूला की बहिणीच्या दिशेला, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. पण जायचं होतं एवढं चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

अमांची नजर नकाशावर होती. एक मुलगी कागदाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. "हे तर सगळ्यात लांब झालं," ती म्हणाली आणि पुन्हा लाटणं उचलायला लागली. मला गंमत वाटली. मी म्हटलं, अमां, पृथ्वी गोल आहे, कागद सपाट. आणि ते जोडपान उचलून त्याची दोन्ही टोकं मागच्या बाजूला वळवून एकमेकांना भिडवली. जपान आणि होनोलुलू शेजारी-शेजारी आले. मधे फार तर तीन बोटांची जागा. अमांनं स्वतःची बोटं ठेवून पाहिली. धाकटीनं ठेवून पाहिली. नवराही हात धुऊन आला आणि त्यानंही ठेवून पाहिली. माझी छाती फुगली होती. तेवढीच तीन बोटं मुंबई ते जपान भरतात, हे मोजून पाहायचं मला सुचलं नाही.

मग निळं पुस्तक. आमच्याकडे टाइमटेबल म्हणजे रेल्वेचं, आणि ते वाचण्यात मी पटाईत होते. मधे स्टेशनांची नावं, एका बाजूला डाऊन गाड्यांचे आकडे, ते वरून खाली वाचायचे. दुसऱ्या बाजूला अप गाड्यांचे, ते खालून वर. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची, झालं. कर्जतचं टाइमटेबल असो नाही तर दिल्लीचं, घड्याळ सगळीकडे एकच.

टोकियो, म्हणजे थोरलीच्या योकोहामाला लागूनच, वर होतं, होनोलुलू खाली. टोकियोपुढे रविवार, रात्री आठ. होनोलुलूपुढे रविवार, संध्याकाळी सहा. वरून खाली वाचलं तर विमान निघायच्या दोन तास आधी पोचत होतं. असं कसं होईल? तेव्हा हा अपचा रकाना, खालून वर वाचायचा. होनोलुलूहून सहाला सुटलं, टोकियोला आठला पोचलं. दोन तास. मधे तेल भरायच्या एका बेटाचं नाव होतं, त्याच्यापुढे चक्क सोमवार छापला होता. ती मी छपाईची चूक धरली. एवढी मोठी कंपनी आणि मुद्रितं नीट तपासत नाही, असंही वर म्हणाले.

"दोन तास?" अमांनं विचारलं.

"दोन तास," मी म्हटलं. "इथून तुम्ही दादरला जाऊन परत याल, तेवढ्यात."

अमांनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. पिठाचे हात होते. त्या दिवशी मला दोन पापड मिळाले. संध्याकाळी काकांना निरोप गेला आणि पुढचा गुरुवार मिसरीचा ठरला. मिसरी म्हणजे खडीसाखर. दोन्ही घरांनी ती एकमेकांच्या तोंडात घातली की शब्द दिला गेला. त्यानंतर मोडणं नाही.

मंगळवारी चौथ्या तासाला सातवीचा पुढचा धडा होता, आंतरराष्ट्रीय वाररेषा. तो मी मधल्या सुट्टीत घाईघाईनं चाळला होता. समुद्रात एक रेषा कल्पिली आहे, तिच्या एका बाजूला आज असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला काल असतो, पूर्वेकडे जाणाऱ्यानं तोच वार पुन्हा मोजायचा. मुलं टकमक बघत होती. मी उदाहरण द्यायचं ठरवलं आणि डोक्यात होतं तेच तोंडातून आलं. "समजा, एक विमान रविवारी रात्री आठ वाजता टोकियोहून पूर्वेकडे निघालं."

तिथं मी थांबले. खडू हातात तसाच राहिला.

मग सोडवावंच लागलं. एका अंशाला चार मिनिटं. टोकियो इतके अंश पूर्वेला, होनोलुलू तितके पश्चिमेला, मधे बासष्ट अंश, म्हणजे साधारण चार तास, आणि रेषा ओलांडल्याचा एक वार परत. टोकियोत रविवारी रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा होनोलुलूला तोच रविवार नुकता सुरू होत असतो. विमान पोचतं संध्याकाळी सहाला. फळ्यावर उत्तर आलं, अठरा तास. चाळीस मुलांनी ते मुकाट्यानं वह्यांत उतरवून घेतलं. अंतर काढलं तर चार हजार मैलांच्या आसपास. एवढं दोन तासांत तोडणारं विमान तेव्हा कुणी बनवलेलं नव्हतं, हे गणिताच्या पदवीधर बाईला त्याच दिवशी समजायला हरकत नव्हती. वरून खाली वाचायचा रकाना मी वरून खालीच वाचायला हवा होता. सोमवारही बरोबर होता.

घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर न करता विचारलं, "दोनाचे अठरा झाले? मुलांनी असं गणित केलं तर तू काय देतेस?" मी म्हटलं, शून्य. आणि हेही म्हटलं की कुणाला कळणार नाही. ती पोरगी जाईल, सुखात राहील, स्थळ चांगलं आहे, अमांला तिथं थोडंच जायचंय घड्याळ घेऊन. मी सांगितलं तर लग्न मोडेल, आणि मोडणारी मी. आईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ती बाई तुझ्या भरवशावर साखर तोंडात घालणार आहे. साखर पडायच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर ते नुसतं तुझं मन हलकं करणं होईल.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी डबा न घेता गेले. अमांनं लगेच ओळखलं. तिनं पाणी पुढे केलं, मी ते हातात धरून ठेवलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं. मी चुकले. दोन तास नाहीत. निळ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर प्रत्येक गावाचं घड्याळ छापलेलं होतं. ते पान मी उघडलंच नव्हतं. आता उघडून पाहिलं, तर फळ्यावरचा एक तासही कमी झाला. सतरा तास.

मशीन थांबलं.

अमां लाटत राहिली. एक पापड पूर्ण झाला, तो तिनं चादरीवर टाकला, दुसरी गोळी घेतली. मग म्हणाली, "सकाळी निघाली तर रात्री नाही पोचत."

"नाही."

"मधे तो तेलवाला बेट आहे, तिथं आपलं कुणी आहे? कुणी सिंधी?"

"नसावं. तिथं कुणीच नसतं."

"सिंधी नाही असा गाव नाही," ती म्हणाली, पण मन त्यात नव्हतं. थोड्या वेळानं तिनं भलताच प्रश्न विचारला. अजमेरला किती तास लागतात? ते मला रेल्वेच्या टाइमटेबलावरून येत होतं, आणि या वेळी मी ते मनात दोनदा तपासून घेतलं. दादरला बदलायचं, अहमदाबादला बदलायचं, छोट्या लाइनीच्या गाडीत बसायचं. सगळं धरून तीस-बत्तीस तास.

"सतरा तीसपेक्षा कमी."

"हो."

"तीस घंटे," ती म्हणाली. "आठ वर्षांत तीस घंटे नाही निघाले माझे. मी कुणाला बोलली, रस्ता लांब आहे. कुणाला बोलली, पापडाची ऑर्डर आहे. तिकीट काढायला घरात नव्हतं असं पण नाही, कधी कधी होतं." तिनं नवऱ्याच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. "कुणी बोललं नाही, जा म्हणून. मी पण नाही बोलली." मग लाटणं माझ्याकडे रोखून म्हणाली, "मास्तरीण, तू चुकीचा हिशोब केला ते केला. मी चुकीचा सवाल विचारला. घंटे नव्हते विचारायचे. पाठवणार कोण, ते विचारायचं होतं."

धाकटीनं खाली बघूनच विचारलं, मग उद्याचं काय? अमां म्हणाली, उद्या काकाला येऊ दे, पापड खाऊ दे, मग बघू. आणि मला म्हणाली, तू भुकेली आलीस, बस. भेंडी नाही म्हणून डाळ वाढते.

गुरुवारी काका मिसरीचं ताट घेऊन आले. बरोबर दोन बायका होत्या. शाळा सुटल्यावर मलाही बोलावलं होतं, बहुतेक साक्षीदार म्हणून. पापड झाले, पाणी झालं, ताटावरचा रुमाल काढायची वेळ आली आणि अमांनं हात आडवा केला. तिनं सांगितलं, मुलानं लिहून द्यावं, दर दोन वर्षांनी माझ्या मुलीला तो बहिणीकडे जपानला पाठवेल. तिनं मागायच्या आधी पाठवेल. मग मिसरी.

काका चकित झाले. असं आधी बोलणं झालं नव्हतं, म्हणाले. दोन तासांचा प्रवास आहे असं तुम्हीच निरोपात कळवलं होतं, मग अट कशाला? अमांनं माझ्याकडे बोट केलं. "ही चुकली होती. हिनं येऊन सांगितलं." काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, आता मास्तरणी नकाशे बघून लग्नं जुळवायला लागल्या का?

"जुळवत नाही," अमां म्हणाली. "पण तुझ्या पुस्तकापेक्षा बरी. तिची चूक ती आठ दिवसांत सांगते."

ताट झाकून परत गेलं. बायका जाताना कुजबुजत गेल्या. मी घरी चालत येताना अख्खा रस्ता स्वतःला शिव्या दिल्या. पुढचे तीन आठवडे मशीनवर परकर शिवले जात होते, पण होनोलुलू कुणी म्हणत नव्हतं. धाकटी माझ्याशी नीट बोलायची, तेच जास्त लागायचं. एकदाच ती म्हणाली, तुम्ही मला विचारलं असतं तर मी गप्प राहायला सांगितलं असतं. मी म्हटलं, म्हणूनच नाही विचारलं. ती हसली, पण थोडीशीच.

उत्तर आलं ते काकांना नाही, थेट बराकीच्या पत्त्यावर. मुलाचंच. सिंधी अक्षरं मला वाचता येत नव्हती. नवऱ्यानं बाजारातून येऊन, चष्मा लावून, अमांला वाचून दाखवलं, आणि अमांनं मला मराठीत सांगितलं. मुलानं लिहिलं होतं की दुकानाचं कापड खरेदी करायला तो दरवर्षी जपानला जातोच. एक वर्षाआड बायकोला बरोबर नेईल, नेताना तिला विचारणार नाही, सामान बांधायला सांगेल. आणि लिहिलं होतं की आजवर तीन घरांनी त्याचा पगार विचारला होता, हे विचारणारं घर पहिलंच.

तो दरवर्षी जपानला जातो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. काकांनाही कदाचित नसेल. कुणी विचारलं नव्हतं.

मिसरी झाली. माझ्या तोंडातही एक मोठा खडा कोंबला गेला. वैशाखात लग्न झालं. मुलगा शर्टापेक्षा पुष्कळ बरा निघाला. बुटका, हसरा, कानाशी टक्कल पडत आलेला. जाताना दोघं चार दिवस थोरलीकडे थांबले. मग रविवारी रात्री विमानात बसले आणि रविवारी संध्याकाळी उतरले. धाकटीनं पत्रात कळवलं की रविवारचं जेवण दोनदा मिळालं आणि दोन्ही वेळा बेचव होतं. बराकीत त्या पत्राची खूप वाहवा झाली. अमांनं नाही केली. ती म्हणाली, जाताना सगळेच थांबतात. परत येते का ते बघू.

दोन वर्षं मध्ये गेली. मी अजून त्याच शाळेत होते, भूगोल आता दुसऱ्या बाईंकडे गेला होता आणि मला त्याचं दुःख नव्हतं. थोरलीला दुसरं बाळ व्हायचं होतं. अमां पत्रं मोजत नव्हती असं दाखवायची, पण पोस्टमन येण्याच्या वेळेला ती बाहेरच्या चादरीवरचे पापड उलटायला जायची, सुकलेले असोत की नसोत.

एका दुपारी मी डबा उघडून बसले होते आणि योकोहामाचं तिकीट लावलेलं पाकीट आलं. नवरा जेवायला आलेलाच होता. त्यानं हात पुसले, चष्मा लावला आणि त्याच्या त्या सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. मध्येच अमां थांबवून मला सांगायची. मुलगा झाला, वजन चांगलं आहे. धाकटी बाळंतपणाच्या आठवडाभर आधीच पोचली. ती सोमवारी संध्याकाळी निघाली आणि बुधवारी उतरली, एक दिवस वाटेत कुठं गेला ते तिला अजून कळलेलं नाही. मी समजावायला तोंड उघडलं. अमांनं हातानं गप्प केलं.

नवरा पुढं वाचू लागला. थोरलीनं लिहिलं होतं की धाकटीनं तिचा लोकरीचा कोट न विचारता घातला आणि बाहीला शाई लावून आणली. तिला रागावलं तर ती उलट बोलली, की तिकडे तिच्या घरी असले जुने कोट मोलकरीणसुद्धा घालत नाही. तीन दिवस दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मुलाला आंघोळ दोघी मिळून घालतात, पण न बोलता.

मला वाटलं अमांला वाईट वाटेल. मी म्हटलं, होतं असं, बाळंतपणात बाई चिडचिडी होते.

"तीन दिवस?" अमांनं नवऱ्याला विचारलं.

"तीन दिवस," तो म्हणाला.

अमांनं मला सांगितलं, "मग बरोबर पोचली." आणि नवऱ्याला म्हणाली, वाच पुढं. तो वाचू लागला. पुढं जपानमधल्या रेशमी कापडाचे भाव होते, बरेच होते, आणि तिनं तेही सगळे ऐकून घेतले.